मालक नव्हे, विश्वस्त!

भिवंडी म्हटली की यंत्रमाग आणि महामार्गालगतची गोदामे डोळ्यांसमोर येतात. परंतु याच तालुक्यात वनजमिनीला लागून कातकरी, वारली, मल्हार कोळी बांधवांचे पाडे आहेत. तालुक्यातील काही गावे राज्यघटनेच्या पाचव्या अनुसूचीच्या क्षेत्रात मोडतात. तरीही उचल घेऊन वीटभट्टीवर राबणाऱ्या कित्येक कातकऱ्यांच्या झोपडीखालची जमीन त्यांच्या नावावर नाही. कागदोपत्री ती सरकारची आहे.

सरकार या जमिनीचे मालक झाले केव्हा? रेल्वेच्या रुळांखाली घालायला इंग्रजांना लाकूड हवे होते. १८६५ आणि १८७८ च्या वन कायद्यांनी त्यांनी या देशातील अरण्ये ताब्यात घेतली आणि वनवासी आपल्याच रानात अतिक्रमक ठरला. इंग्रज गेले, त्यांचा १९२७ चा कायदा मात्र राहिला. १९७६ मध्ये ४२ व्या घटनादुरुस्तीने वने समवर्ती सूचीत गेली. १९८० च्या कायद्याने वनजमिनीच्या वनेतर वापरासाठी केंद्राची पूर्वसंमती बंधनकारक केली. तेव्हापासून वाद रंगतो तो दिल्लीचा अधिकार मोठा की मुंबईचा, एवढाच. पाड्याचा अधिकार कोणी विचारायचा?

भारतीय परंपरेतील मीमांसकांनी राजाला भूमीचा मालक मानले नाही. विश्वजित यज्ञात सर्वस्वाचे दान करावयाचे असते. तरी राजाला पृथ्वी दान करता येत नाही, कारण ती सर्वांची आहे, असा मीमांसकांचा निर्णय आहे. राजा करभार घेतो तो रक्षणाबद्दल. सर्वोच्च न्यायालयानेही १९९६ मध्ये कमलनाथ प्रकरणात नैसर्गिक संपत्तीबाबत शासन हे विश्वस्त असल्याचेच सांगितले.

मग या विश्वस्ताने रक्षण कोणाचे केले? भिवंडी परिसरात परवानगीविना गोदामे उभी राहिली, तेव्हा शासनाची दृष्टी अधू होती. कुडाच्या झोपडीपाशी येताच मात्र ती तीक्ष्ण होते!

हक्क दिले तर जंगल संपेल, असा आक्षेप घेतला जातो. जंगलाची ही चिंता रास्त आहे. पण २००६ चा वनहक्क कायदा जमिनीची खिरापत वाटत नाही. १३ डिसेंबर २००५ पूर्वीचा ताबा, कमाल ४ हेक्टर आणि विक्रीस मनाई, अशा त्याच्या अटी आहेत. बोगस दावे अवश्य फेटाळावेत. मात्र खऱ्या दावेदाराला कागदाअभावी हुसकावणे हा न्याय नव्हे. गडचिरोलीतील मेंढा-लेखाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. त्या गावाने जंगल विकले नाही, राखले. कोकणातल्या देवरायाही कोणत्या वनरक्षकाने नव्हे, तर गावाच्या श्रद्धेनेच जपल्या.

भिवंडीच्या पाड्यांचे प्रलंबित दावे निकाली काढावेत आणि वनाचे व्यवस्थापन ग्रामसभेकडे सोपवावे. भूमीला माता म्हणणाऱ्या देशात तिची लेकरेच बेदखल राहणार असतील, तर तो मातृभूमीचा जयघोष पोकळ ठरेल.