दुरुस्तीचे बटण

नाकाडोंगरीच्या शिवारात हलके धान केव्हाच कापून झाले. भारी धानावर आता विळा चालतो आहे, बांध्यांत पुंजणे उभे राहात आहेत. चुरणे आटोपले की आधारभूत खरेदी केंद्राची धावपळ सुरू होईल: सातबारा, आधार, बँकेचे पासबुक आणि ई-पीक पाहणीची नोंद. याच दिवसांत, नोव्हेंबरच्या दुसऱ्या गुरुवारी, 2005 पासून जगभर वापरसुलभता दिन पाळला जातो. तुमसर तालुक्यातल्या या जंगलकाठच्या गावात त्याचे नावही कोणी ऐकले नसेल, पण त्याचा विषय इथल्या प्रत्येक धानउत्पादकाच्या खिशात आहे.

ई-पीक पाहणी 15 ऑगस्ट 2021 ला राज्यभर सुरू झाली. गाव नमुना बारामध्ये पीक चढवायचे तलाठ्याचे काम शेतकऱ्याच्या मोबाइलवर आले. ज्याने पेरले त्यानेच सांगावे, हा विचार आम्हाला आजही मोलाचा वाटतो. 2022 च्या खरिपात ॲपची दुसरी आवृत्ती आली आणि तिच्यात आपली नोंद 48 तासांच्या आत स्वतः दुरुस्त करण्याची सोय मिळाली.

दिसायला ते एक बटण. पण त्याच्याखाली काय काय आहे ते पाहा. शेतकऱ्याचा शब्द किती वेळ त्याचा राहतो आणि सरकारी अभिलेख कधी होतो? तलाठ्याने दहा टक्के नोंदी तपासायच्या, त्या दुरुस्तीआधीच्या की नंतरच्या? तोवर सातबाऱ्यावर काय दिसावे? ही उत्तरे महसुलाचे नियम जाणणारा, माहितीची साठवण रचणारा आणि स्क्रीन आखणारा, या तिघांनी एकत्र बसूनच ठरवावी लागतात. सगळी यंत्रणा उभी झाल्यावर आखणाऱ्याला बोलावले, तर तो बटणाला रंग देईल. बटणामागची वाट कुठून आणील?

हे काही आमच्याच मनातले नाही. आयआयटी मुंबईचे अनिरुद्ध जोशी आणि एन. एल. सारडा यांनी नेमका हाच प्रश्न मोजायला घेतला: सॉफ्टवेअर घडवण्याच्या कामात वापरणाऱ्याचा विचार किती मुरला आहे आणि त्याने वापर किती सोपा झाला. त्याही आधी, स्वीडनमध्ये 1980 च्या दशकात छापखान्यांत संगणक यायचे होते, तेव्हा कामगारांनी पुठ्ठ्या-लाकडाच्या नकली यंत्रांवर आधी काम करून पाहिले आणि मग आपल्याला काय हवे ते सांगितले. पुठ्ठा स्वस्त असतो. चुकीच्या पायावर उभी राहिलेली यंत्रणा फार महाग पडते.

महाग कोणाला, हेही बोलले पाहिजे. 2025-26 साठी साध्या धानाचा हमीभाव क्विंटलला 2369 रुपये आहे. नोंद चुकली किंवा राहिली की केंद्रावर त्या भावाचा हक्कच अडतो.

बांधीत उभ्या माणसाकडे जरा जवळून पाहू. पाय चिखलात, अंगठा ओला, स्क्रीनवर ऊन. पीक निवडायचे आहे. इथे शेतात असते ते धान, ताटात येतो तो भात. यादीत भात दिसला की जुना माणूस घुटमळतो. पुढे ‘निर्भेळ पीक’. हा शब्द घरात कोणी बोलत नाही, आणि ज्या घरी पोवारी बोलतात तिथे तर तो आणखीच परका. मग लागवडीचा दिनांक. कोणता टाकावा? पऱ्हे टाकले तो, की रोवणी झाली तो? मध्ये तीन-चार आठवडे जातात. आवत्या टाकणाऱ्याला, म्हणजे धान थेट बांधीत पेरणाऱ्याला, हा प्रश्नच नाही, रोवणीवाल्याला तो दरवर्षी आहे. पुण्या-मुंबईच्या कार्यालयात तो सुचणार नाही आणि त्यात कोणाचा दोष नाही. पण जुलैत एक दिवस इथल्या बांधावर काढला, तर पहिल्या तासात सुचेल.

म्हणून आमचे मागणे एवढेच: पुढच्या आवृत्तीचे पहिले कागद सेवा सहकारी संस्थेच्या ओसरीवर पसरावेत, संगणकात एक ओळ लिहिली जाण्याआधी. त्या वेळी रोवणीच्या बायांनाही बोलवावे. सातबाऱ्यावर त्यांचे नाव बहुधा नसते, मोबाइलही घरच्या माणसाच्या हाती असतो. पण कोणत्या बांधीत कोणते धान कोणत्या दिवशी लागले, हे त्यांना तोंडपाठ असते.