जुनं ग्राफिक्स कार्ड घेताना: आरएक्स ५८० की जीटीएक्स १६५०?

परीक्षा संपल्या की घराघरांत एक मागणी सुरू होते. "अब्बा, फक्त एक कार्ड बसवायचंय. बाकी कॉम्प्युटर आपल्याकडे आहेच." इंदापूरहून एसटीने बारामतीच्या कॉलेजात येणारा मुलगा असो की बारामतीतच डिप्लोमा करणारी मुलगी, घरात बहुधा एखाद्या कार्यालयातून निघालेला जुना संगणक असतो. त्यावर अभ्यास होतो, पण गेम अडखळतात आणि थ्रीडीचं काम रखडतं. नवीन कार्ड महाग. हप्त्यावर घ्यावं तर व्याज आलं, आणि आपल्यापैकी अनेक घरं त्या वाटेला जात नाहीत. मग उरतो जुना बाजार. तिथे आठ-दहा हजारांच्या आत दोन नावं वारंवार पुढे येतात: एएमडीचं आरएक्स ५८० आणि एनव्हिडियाचं जीटीएक्स १६५०. या वेळी आम्ही या दोघांचाच हिशेब मांडतो आहोत.

कागदावर पाहिलं तर ५८० मोठं आहे. ते एप्रिल २०१७ मध्ये बाजारात आलं. त्याच्या चांगल्या प्रकारात ८ जीबी मेमरी असते आणि त्या मेमरीतून सेकंदाला २५६ जीबी माहिती वाहते. १६५० दोन वर्षांनी, एप्रिल २०१९ मध्ये आलं. त्यात ४ जीबी मेमरी आणि सुरुवातीच्या प्रकारात सेकंदाला १२८ जीबी, म्हणजे बरोबर निम्मा वेग. प्रत्यक्ष खेळात मात्र फरक दुपटीचा नसतो. बहुतेक खेळांत ५८० साधारण १५ ते २५ टक्के पुढे राहतं.

हा फरक कुठे कामाला येतो? व्हॅलोरंट हा मुलांचा आवडता खेळ. तो सेकंदाला ६० चित्रांच्या गतीने चालवायला कंपनी जीटी ७३० एवढंच जुनं, लहान कार्ड सुचवते. म्हणजे तिथे दोन्ही कार्डं गरजेपेक्षा मोठीच आहेत. जीटीए ५ संगणकावर २०१५ मध्ये आला, तोही दोघांवर नीट चालतो. फरक उघडा पडतो तो सायबरपंक २०७७ सारख्या खेळात. त्याच्या किमान गरजेतच आता जीटीएक्स १०६० चं ६ जीबी किंवा आरएक्स ५८० चं ८ जीबी कार्ड लिहिलेलं आहे. तिथे १६५० ची ४ जीबी मेमरी तोकडी पडते. आईवडिलांनी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. जीटीए, सायबरपंक आणि रेड डेड रिडेम्प्शन २ हे तिन्ही खेळ युरोपच्या वर्गवारीत १८ वर्षांवरच्यांसाठी आहेत. दहावीतला मुलगा मोठ्याच कार्डासाठी अडून बसला असेल, तर ते नेमकं कोणत्या खेळासाठी हवं आहे हे आधी शांतपणे विचारून घ्यावं.

आता विजेचा हिशेब. खरी किंमत इथे कळते. १६५० ला पूर्ण ताकदीने चालायला ७५ वॅट लागतात. एवढी वीज मदरबोर्डाच्या खाचेतूनच मिळते, त्यामुळे त्याच्या बहुतेक प्रकारांना वेगळी वायर जोडावी लागत नाही. कंपनी त्यासाठी ३०० वॅटचा पॉवर सप्लाय सांगते. ५८० ला १८५ वॅट लागतात, वेगळी वायर लागते, आणि शिफारस ५०० वॅटच्या पॉवर सप्लायची आहे. कार्यालयातून निघालेल्या डब्यात पॉवर सप्लाय असतो २४० ते ३०० वॅटच्या आसपास. त्यात ५८० बसवलं तर गेम सुरू होताच संगणक बंद पडू शकतो. स्वस्तातला कन्व्हर्टर लावून जोर काढला, तर वायर तापण्याचा धोका वेगळाच. काही कंपन्यांच्या डब्यांत मदरबोर्डाला जाणारा प्लगही नेहमीपेक्षा निराळा असतो, आणि डबा अरुंद असेल तर ५८० आत मावतच नाही. १६५० चे बुटके प्रकार मिळतात, ते अशा डब्यात बसतात. पण घेण्याआधी पट्टीने जागा मोजावी.

समजा दोन्ही कार्डं एकाच भावात मिळाली. ५८० साठी चांगल्या कंपनीचा ५०० वॅटचा पॉवर सप्लाय घ्यायचा, तर अडीच-तीन हजार रुपये सहज जातात. पुढे दर महिन्याचं बिल. दोन कार्डांत ११० वॅटचा फरक आहे. रोज तीन तास पूर्ण ताकदीने खेळ चालला, तर महिन्याला सुमारे १० युनिट जास्त जळतात. युनिटला ८ रुपये धरले तर महिन्याला ८० आणि वर्षाला साडेनऊशेच्या वर रुपये. वीज जाण्याचंही पाहावं लागतं. घरात असतो तो ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॅटचा भार पेलतो. ५८०, प्रोसेसर आणि स्क्रीन मिळून हा आकडा जवळ येतो, आणि खेळताना लाईट गेली तर यूपीएस टिकेलच असं नाही. १६५० वाला संगणक त्याच यूपीएसवर निवांत बंद करता येतो. शिवाय इंदापूरचा मे महिना आणि वर पत्र्याची खोली! १८५ वॅटची उष्णता त्याच खोलीत सुटते हे विसरू नये.

अभ्यासाच्या बाजूनेही पाहू. थ्रीडी शिकणारी मुलं ब्लेंडर हे मोफत सॉफ्टवेअर वापरतात. डिसेंबर २०२१ मध्ये आलेल्या त्याच्या ३.० आवृत्तीपासून सायकल्स या रेंडरिंगच्या भागात ५८० चा उपयोग होत नाही, तिथे सगळं काम प्रोसेसरवर पडतं. १६५० तिथे चालतं. ड्रायव्हरच्या बाबतीतही ५८० मागे आहे. एएमडीने २०२३ मध्ये त्या पिढीची कार्डं मुख्य ड्रायव्हरमधून वेगळी काढली, त्यांना आता गरजेपुरत्याच सुधारणा मिळतात. एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ मध्ये १० मालिकेच्या कार्डांचे नियमित गेमिंग ड्रायव्हर थांबवले, म्हणून जीटीएक्स १०६० स्वस्तात मिळालं तरी हे लक्षात ठेवावं. १६ मालिका त्या यादीत नव्हती.

जुन्या बाजारात फसगत कुठे होते, तेही सांगतो. ५८० या नावाने दोन वेगळी कार्डं फिरतात. खऱ्यात २३०४ शेडर असतात. दुसऱ्यात २०४८, म्हणजे ते जवळपास धाकटं आरएक्स ५७०च. १६५० च्या नावाखाली फार जुन्या चिपची बनावट कार्डंही विकली जातात. जीपीयू-झेड हे मोफत सॉफ्टवेअर उघडलं की शेडरचा आकडा दिसतो, आणि एनव्हिडियाचं बनावट कार्ड असेल तर ते तसं नोंदवतं. पेनड्राईव्हवर ते सोबत न्यावं. कार्ड संगणकात लावून अर्धा तास गेम चालवून पाहावा. तापमान ८५ अंशांच्या पुढे जात राहिलं, पंखा खरखरला, पडद्यावर ठिपके किंवा रेघा आल्या, तर हात आखडता घ्यावा. तुमची स्क्रीन जुनी व्हीजीएची असेल तर कन्व्हर्टरचा खर्च धरावा, कारण या कार्डांना सहसा तो जोड नसतो.

आणखी एक गोष्ट नुसत्या डोळ्यांनी दिसत नाही. १५ सप्टेंबर २०२२ रोजी इथेरियम या आभासी चलनाची जुनी पद्धत बंद झाली, तोवर जगभर ग्राफिक्स कार्डं रात्रंदिवस ते चलन काढायला जुंपलेली होती. ८ जीबीचं ५८० त्या धंद्यात फार वापरलं गेलं. ४ जीबीची कार्डं २०२० च्या अखेरीस त्या कामातून बाद झाली, त्यामुळे १६५० च्या वाट्याला ही झीज कमी आली. माइनिंग केलेलं प्रत्येक कार्ड वाईट असतं असं नाही. पण ते तसं वापरलेलं आहे, हे घेणाऱ्याला कळायला हवं.

इथे प्रेषित मुहम्मद (स.) यांचा सहीह मुस्लिममधला प्रसंग आठवतो. बाजारात धान्याच्या राशीत त्यांनी हात घातला, तर आत ओल लागली. विक्रेत्याने पावसाचं कारण सांगितलं. ओला माल लोकांना दिसेल असा वर का ठेवला नाही, असं त्यांनी विचारलं आणि फसवणुकीबद्दल कडक इशारा दिला. आडतीवर माल पाहणाऱ्या माणसाला हा प्रसंग वेगळा समजावून सांगावा लागत नाही. माइनिंगमध्ये झिजलेलं कार्ड पुसूनपासून "घरचंच, कमी वापरलेलं" म्हणून विकणं ही तीच ओली रास आहे. आपली मुलं फक्त विकत घेत नाहीत, जुनं कार्ड विकतातही. विकताना दोष सांगितला तर चार-पाचशे रुपये कमी मिळतील, पण मिळतील ते हलाल असतील. हे त्यांना आपणच शिकवायचं.

घेणाऱ्यासाठीही शरीअतने सोय ठेवली आहे. सौदा करतानाच परतीची अट ठरवता येते, तिला खियार-ए-शर्त म्हणतात. इमाम अबू हनीफा यांच्या मते ही मुदत तीन दिवसांपर्यंत असते. कार्डासाठी तीन दिवस पुरेसे आहेत. घरच्या संगणकात, घरच्या विजेवर, दुपारच्या उन्हात ते चालतं की नाही, तेवढ्यात कळतं. पावतीवर कार्डाचं नाव, मेमरी, शेडरचा आकडा आणि "तीन दिवसांत परत" एवढं लिहून दोघांच्या सह्या घ्याव्यात. पुण्याच्या तपकीर गल्लीतून घ्या की बारामतीत ओळखीच्या मुलाकडून, एवढी ओळ लिहायला तयार नसलेल्याकडून घेऊ नये.

मग घ्यायचं कोणतं? घरात सुटे भाग जोडून केलेला मोठा संगणक असेल, ५०० वॅटचा चांगला पॉवर सप्लाय आधीच असेल आणि हेतू फक्त खेळाचा असेल, तर २३०४ शेडरचं ८ जीबी ५८० त्याच पैशात जास्त देतं. कार्यालयातून निघालेला डबा असेल, साधा यूपीएस असेल आणि त्याच संगणकावर अभ्यासही करायचा असेल, तर १६५० घ्यावं. वेग थोडा कमी मिळेल, पण खर्च तिथेच थांबेल. म्हणून कार्ड पाहायला निघण्याआधी आपल्या डब्याचं झाकण उघडा आणि पॉवर सप्लायवरचा वॅटचा आकडा वाचा. अर्धा निर्णय तिथेच होईल, इन्शाअल्लाह.