फुल-फ्रेम कॅमेरा घ्यावा का? लग्नसराईच्या तोंडावर फोटोग्राफरपुढचा लाखमोलाचा प्रश्न

तुळशीचं लग्न लागलं की महाराष्ट्रात लग्नसराईची चाहूल लागते. मंगल कार्यालयांच्या तारखा भरतात, तशा फोटोग्राफरच्या डायऱ्याही भरतात. याच दिवसांत छोट्या शहरांतल्या अनेक तरुण फोटोग्राफरना एक निर्णय घ्यावा लागतो. आहे तो कॅमेरा आणखी एक सीझन चालवायचा, की कर्ज काढून ‘फुल-फ्रेम’ घ्यायचा? बुकिंग करतानाच पार्टीने ‘कॅमेरा कोणता आहे?’ असं विचारलं की दडपण आणखी वाढतं.

निर्णय चुकला तर सीझनची कमाई हप्त्यांत जाते. म्हणूनच फुल-फ्रेममुळे नेमकं काय बदलतं आणि काय बदलत नाही, हे आधी समजून घ्यायला हवं.

हा प्रश्न आताच का?

कॅमेऱ्यांचा बाजार गेल्या काही वर्षांत पूर्ण बदलला. जपानी कॅमेरा कंपन्यांच्या ‘सिपा’ या संघटनेच्या आकडेवारीनुसार, २०१० मध्ये जगभरात १२ कोटींहून अधिक डिजिटल कॅमेरे बाजारात गेले होते. २०२३ मध्ये हा आकडा ८० लाखांच्याही खाली होता. स्वस्त कॅमेऱ्यांची जागा मोबाइलने घेतली. त्यामुळे कंपन्यांनी कमी पण महागडे कॅमेरे विकण्यावर भर दिला. सोनीने २०१३ मध्ये ‘ए७’ आणला. २०१८ मध्ये निकॉन आणि कॅनननेही फुल-फ्रेम मिररलेस कॅमेरे बाजारात उतरवले. जुन्या डीएसएलआरसाठी नव्या लेन्स येणं जवळपास थांबलं. म्हणजे डीएसएलआर वापरणाऱ्याला कधीतरी बदल करावाच लागणार आहे. पण तो बदल फुल-फ्रेमच असायला हवा, असं मात्र नाही.

फुल-फ्रेम म्हणजे काय?

जुन्या ३५ मिमी फिल्मवरची एक चौकट ३६ बाय २४ मिमी आकाराची असे. १९२५ मध्ये बाजारात आलेल्या लायका कॅमेऱ्याने हे माप लोकप्रिय केलं. तेवढाच मोठा सेन्सर असलेला डिजिटल कॅमेरा म्हणजे फुल-फ्रेम. आज अनेकांकडे असलेल्या ‘एपीएस-सी’ किंवा ‘क्रॉप’ कॅमेऱ्यातला सेन्सर साधारण २३.५ बाय १५.६ मिमीचा असतो. कॅननमध्ये तो थोडा आणखी लहान असतो. क्षेत्रफळ पाहिलं तर फुल-फ्रेम सेन्सर जवळपास सव्वादोन ते अडीचपट मोठा भरतो.

फोटोत फरक कुठे दिसतो?

पहिला फरक अंधारात. मोठ्या सेन्सरवर एकूण प्रकाश जास्त पडतो, त्यामुळे तेवढ्याच आयएसओला फोटो कमी दाणेदार दिसतो. हा फायदा साधारण सव्वा स्टॉपचा आहे. म्हणजे क्रॉप कॅमेऱ्यावर आयएसओ ३२०० ला जितका नॉइज दिसतो, तितका फुल-फ्रेमवर साधारण ७००० च्या आसपास दिसेल. संध्याकाळचं रिसेप्शन किंवा फ्लॅश चालत नाही असे विधी, तिथे हा फरक कामाला येतो.

दुसरा फरक जागेचा. ८५ मिमीची लेन्स क्रॉप कॅमेऱ्यावर साधारण १२७ मिमीसारखी वागते. लहान हॉलमध्ये तेवढं मागे सरकायला जागाच नसते. फुल-फ्रेमवर तीच लेन्स आपल्या मूळ कोनात चालते.

तिसरा फरक धूसर बॅकग्राउंडचा. क्रॉप कॅमेऱ्यावर ५० मिमी एफ/१.८ लेन्सने जे चित्र येतं, ते फुल-फ्रेमवर ७५ मिमी एफ/२.८ च्या आसपास मिळतं. फुल-फ्रेमवर एफ/१.८ वापरलं तर मागचा भाग आणखी विरघळतो.

आणि कुठे दिसत नाही?

दिवसा उजेडात, किंवा फ्लॅश छतावर मारून काढलेल्या फोटोत फरक ओळखणं कठीण असतं. इन्स्टाग्रामवर फोटो साधारण १०८० पिक्सेल रुंदीला दिसतो, तर २४ मेगापिक्सेलचा फोटो ६००० पिक्सेल रुंद असतो. छापील अल्बमचंही तेच. १२ बाय ३६ इंची अल्बमचं एक पान १२ बाय १८ इंचाचं असतं. ३०० डीपीआयने त्यासाठी सुमारे १९.५ मेगापिक्सेल लागतात. २४ मेगापिक्सेलचा क्रॉप कॅमेरा तेवढं सहज देतो.

काही कामांत तर लहान सेन्सरच सोयीचा ठरतो. भिगवणला पक्षी टिपणाऱ्याला ४०० मिमीच्या लेन्समधून साधारण ६०० मिमीइतकं जवळचं दृश्य मिळतं. फुल-फ्रेमवर तेवढंच दृश्य हवं असेल, तर मोठी, जड आणि महाग लेन्स घ्यावी लागते.

खरा खर्च कुठे होतो?

बॉडीची किंमत डोळ्यांत भरते. सोनी ‘ए७ ४’ भारतात २०२२ मध्ये सुमारे २ लाख ४२ हजारांना आली. पण हिशेब बिघडतो तो लेन्समध्ये. क्रॉपसाठी बनलेली लेन्स फुल-फ्रेम मिररलेसवर लावली, तर कॅमेरा सेन्सरचा मधला भागच वापरतो. २४ मेगापिक्सेलचे जेमतेम १० ते ११ उरतात. म्हणजे जुन्या किट लेन्सचा इथे फारसा उपयोग नाही.

जुन्या लेन्स ॲडाप्टरने चालतात, पण सगळ्याच नाही. निकॉनची ५० मिमी एफ/१.८डी ही भारतात खूप खपलेली स्वस्त लेन्स. ती एफटीझेड ॲडाप्टर लावून झेड कॅमेऱ्यावर बसते, मात्र तिचा ऑटोफोकस चालत नाही. वरमाला पडण्याच्या क्षणी हाताने फोकस करत बसणं परवडत नाही.

वजनाचाही विचार हवा. क्रॉपसाठीची सिग्मा १८-५० एफ/२.८ सुमारे २९० ग्रॅमची आहे. त्याच कामाची सोनीची फुल-फ्रेम २४-७० एफ/२.८ जीएम २ लेन्स ६९५ ग्रॅमची आहे. हळदीपासून पाठवणीपर्यंत कॅमेरा गळ्यात असतो, तेव्हा हा फरक खांद्याला कळतो.

सेन्सरपेक्षा महत्त्वाचं काही आहे का?

लग्न पुन्हा लागत नाही. म्हणून दोन मेमरी कार्डांवर एकाच वेळी फोटो साठवण्याची सोय अनेकदा सेन्सरपेक्षा मोलाची ठरते. कॅननचा ‘आर८’ फुल-फ्रेम असूनही त्यात एकच कार्ड बसतं. ‘आर७’ क्रॉप असून त्यात दोन बसतात. व्हिडिओचंही तसंच. ‘ए७ ४’ फुल-फ्रेम असला, तरी ४के ६० फ्रेम्सला तो सेन्सरचा क्रॉप भागच वापरतो. नुसतं नाव पाहून निर्णय घेतला, तर या गोष्टी खरेदीनंतर कळतात.

पैशांचं गणित कसं बसतं?

समजा, बॉडी आणि एक चांगली लेन्स साडेतीन लाखांना पडली आणि जुनं सामान विकून ५० हजार आले. उरले ३ लाख. वर्षाला २५ लग्नं होत असतील आणि नव्या कॅमेऱ्यामुळे प्रत्येक लग्नामागे ४ हजार जास्त मिळाले, तर वर्षाला १ लाख येतात. म्हणजे व्याज न धरताही तीन वर्षं लागतात. पार्टी जास्त पैसे देणारच नसेल, तर हा खर्च कधीच वसूल होत नाही.

यात जीएसटीही आहे. डिजिटल कॅमेऱ्यांवरचा कर १ जानेवारी २०१९ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला. २ लाख ४२ हजारांच्या किमतीत सुमारे ३७ हजार कराचे असतात. नियमित नोंदणी असलेल्या व्यावसायिकाला त्याचं इनपुट क्रेडिट मिळू शकतं. सेवा व्यवसायात साधारण २० लाखांच्या उलाढालीपर्यंत नोंदणी सक्तीची नाही, त्यामुळे लहान फोटोग्राफरवर हा भार पूर्ण पडतो. बिलाशिवाय स्वस्तात मिळणाऱ्या कॅमेऱ्यावर ना क्रेडिट मिळतं, ना कंपनीची वॉरंटी.

मग ठरवायचं कसं?

गेल्या सीझनमधले बाद केलेले फोटो उघडून पाहणं, ही सर्वात स्वस्त चाचणी आहे. ते फोकस हुकल्याने, हात हलल्याने किंवा लाइट चुकल्याने गेले असतील, तर आधी चांगली फ्लॅश किंवा एफ/१.८ ची लेन्स घेणं शहाणपणाचं. त्यातले बरेचसे अंधारातल्या नॉइजमुळे किंवा हॉलमध्ये मागे सरकायला जागा नसल्यामुळे गेले असतील, तर मात्र अडचण खरोखरच सेन्सरची आहे.

तेव्हाही लगेच कर्ज काढायची गरज नाही. शहरांत फुल-फ्रेम कॅमेरे दिवसाच्या भाड्याने मिळतात. एका लग्नात दोन्ही कॅमेरे वापरून, अल्बमसाठी पार्टीने निवडलेल्या फोटोंतले कोणत्या कॅमेऱ्याचे किती आहेत हे मोजलं, तर उत्तर मिळेल. निवड जवळपास सारखी झाली, तर साडेतीन लाख वाचले म्हणायचे.