मुंढव्याला मोजा

अंतराळात पाणी फेकून द्यायची सोय नसते. आंतरराष्ट्रीय स्थानकावर घाम, श्वासातली वाफ, मूत्र सारं गोळा करून पुन्हा पिण्याजोगं करतात. 98 टक्के पाणी परत मिळवल्याचं नासाने 2023 साली सांगितलं. तिथे हे काम यंत्रं आणि रसायनं करतात. पण लांबच्या मोहिमेवर सुटे भाग आणि रसायनं न्यायची तरी किती? म्हणून युरोपीय अंतराळ संस्थेचा ‘मेलिसा’ प्रकल्प 1989 पासून जिवाणूंना कामाला जुंपू पाहतो आहे. त्यातले नायट्रोसोमोनास आणि नायट्रोबॅक्टर अमोनियाचं नायट्रेट करतात, म्हणजे झाडांचं खत.

या मंडळींचे भाऊबंद पुण्याला परके नाहीत. मैलाशुद्धीकरण केंद्रांच्या टाक्यांत जिवाणूच राबतात, आणि ही युक्ती मँचेस्टरची, 1914 सालची. त्यांचं मागणं फार नाही: हवा अखंड मिळावी आणि मैलापाणी आपल्यापर्यंत पोचावं. नाल्यातून थेट मुठेत उतरलेल्या पाण्यापुढे टाकीतला जिवाणू काय करणार? अशी केंद्रं उभारायला ‘जायका’ या जपानी संस्थेशी कर्जाचा करार 2016 साली झाला. 11 केंद्रं, रोजची क्षमता 396 दशलक्ष लिटर. कामं इतकी रेंगाळली की मुदतवाढीचं आता कुणाला काही वाटेनासं झालं.

का वाटावं? अंतराळवीराला स्वतःचंच पाणी प्यावं लागतं. पुण्याचं मुळा-मुठेतून भीमेत, तिथून उजनीत जातं आणि सोलापूरकरांच्या घशाखाली उतरतं. वाटेत मुंढव्याच्या जॅकवेलमधून काही पाणी उचलून बेबी कालव्यात, दौंडकडच्या शेतीसाठी सोडतात. शहराने खडकवासल्यातून पाणी घ्यायचं आणि बदल्यात वर्षाला साडेसहा टीएमसी प्रक्रिया केलेलं पाणी शेतीला द्यायचं, असा हा व्यवहार. वाद होतो तो बहुधा किती टीएमसी दिलं यावर. फेसाळ पाणीही टीएमसीत भरतंच की! त्याचा वास शेतकऱ्याने सोसायचा.

तेव्हा खडकवासल्याचा वाढीव कोटा मागताना महापालिकेने केंद्रांच्या क्षमतेचे तक्ते बाजूला ठेवावेत. मुंढव्याच्या पाण्यातला बीओडी (सेंद्रिय घाणीचं माप) आणि कोलिफॉर्म जिवाणू यांचे रोजचे आकडे अर्जाला जोडावेत. आकडा मर्यादेबाहेर गेला, की त्या दिवशी शहराच्या पाण्यात कपात करावी. सुरुवात महापालिका भवनाच्या नळांपासून.