रिकामा भासलेला पत्ता

शासकीय कार्यालयात 'सर्व्हर डाउन आहे' हे वाक्य उच्चारले गेले की पुढील सर्व प्रश्न मिटतात, असा माझा सेवाकाळातील अनुभव आहे. नागरिक निमूटपणे परततो, लिपिक खुर्चीत मागे रेलतो आणि अधिकारी कंत्राटदारास दूरध्वनी करतो. सर्व्हर मात्र पुष्कळदा आपले काम चोख करीत असतो.

मराठी मुलखापासून दूर, उत्तरेकडील एका जिल्हा कार्यालयात मी असतानाची गोष्ट. दाखल्यांच्या खिडकीमागील सामाईक प्रिंटर दुरुस्त होऊन परत आला आणि त्याच दिवसापासून मुका झाला. खिडकीवरील सर्व संगणक त्यास १९२.१६८.१.५० या पत्त्यावर शोधत. तो तेथे सापडेना. शाळा-महाविद्यालयांतील प्रवेशाचे दिवस होते. दिवसाची मजुरी बुडवून आलेले पालक सलग दोन दिवस रिकाम्या हाताने परतले.

स्थानिक जाळ्यातील यंत्रांना पत्ते वाटण्याचे काम सर्व्हरवरील डीएचसीपी ही सेवा करते. सामान्य यंत्रास ती मुदतीने पत्ता देते. प्रिंटरसारख्या सर्वांना लागणाऱ्या यंत्रासाठी ठरावीक पत्ता राखून ठेवता येतो. ही राखीव नोंद सामान्यतः यंत्राच्या नेटवर्क कार्डावरील मॅक क्रमांकावरून होते. दुरुस्तीत प्रिंटरचे कार्डच बदलले गेले होते. नोंद जुन्या कार्डाची. नवे कार्ड सर्व्हरच्या लेखी अनोळखी. त्याने नियमानुसार त्यास दुसराच पत्ता दिला. बदलून गेलेल्या अधिकाऱ्याची पाटी दारावर तशीच राहावी आणि नव्या अधिकाऱ्यास शिपायाने अभ्यागत समजून बाहेर बसवावे, तसाच हा प्रकार.

तंत्रज्ञाने नोंद सुधारली, प्रिंटर बंद करून पुन्हा सुरू केला. तरीही गाडे पुढे सरकेना. तेव्हा त्याने प्रिंटरची तार काढून ठेवली आणि त्याच पत्त्यास पिंग करून पाहिले. उत्तर आले! एआरपी तक्त्यात उत्तर देणाऱ्याचा मॅक क्रमांक मिळाला, त्यावरून स्विचचे पोर्ट सापडले आणि तारेच्या दुसऱ्या टोकाशी निघाला लेखा शाखेतील एक नवा संगणक. प्रिंटर दुरुस्तीस गेलेला असताना कोणीतरी त्या संगणकास हाताने हा पत्ता दिला होता. देण्यापूर्वी पिंगही केले होते. उत्तर आले नाही, म्हणून पत्ता रिकामा मानला.

रजेवर गेलेल्या कर्मचाऱ्याच्या निवासस्थानास कुलूप दिसले, म्हणून ते आपण दुसऱ्यास देऊन टाकत नाही. कारण निवासस्थानांची नोंदवही असते. पत्त्यांची नोंदवही कोणीच ठेवली नव्हती. आधीच्या कंत्राटी तंत्रज्ञास सारे पत्ते मुखोद्गत होते. कंत्राट संपले आणि ती माहिती त्याच्यासोबत गेली. खुर्ची सोडताना आपण किल्ल्या, धनादेशपुस्तिका, अगदी मोडक्या टेबलांचीही यादी देतो. ज्या जाळ्यावर कार्यालयाचे निम्मे काम चालते, त्याची यादी मात्र कोणी मागत नाही. माझ्या मते दोष तेथे आहे आणि तो तंत्रज्ञाचा नसून आम्हा अधिकाऱ्यांचा आहे.

काही जण म्हणतील, सर्वच पत्ते हाताने द्यावेत, म्हणजे कटकट मिटली. पाच संगणकांच्या कार्यालयात ते चालेलही. यंत्रे वाढली की हाताने दिलेला प्रत्येक पत्ता हा तोंडी आदेश ठरतो. देणारा विसरतो आणि घेणाऱ्यास ठाऊक नसते. द्यायचाच असेल, तर तो सर्व्हरच्या वाटपाच्या कक्षेबाहेरचा असावा आणि लिहून ठेवावा. कोणी परस्पर घरचा राउटर आणून जोडला, तर जाळ्यात पत्ते वाटणारे दोघे होतात आणि एकाच कार्यालयात दोन आवक-जावक लिपिक वेगवेगळे क्रमांक देत बसल्यासारखा गोंधळ होतो.

प्रश्न केवळ प्रिंटरचा नाही. २८ एप्रिल २०२२ च्या 'सर्ट-इन'च्या निर्देशांनुसार शासकीय संस्थांनीही आपल्या यंत्रणांचे लॉग १८० दिवस जपणे बंधनकारक आहे. परंतु लॉगमध्ये बहुधा पत्ता असतो, माणूस नसतो. त्या वेळी तो पत्ता कोणत्या टेबलावर होता, हे सांगता आले नाही, तर चौकशी कोणावर बेतेल याचा भरवसा नाही.

उपाय एका पानाच्या कार्यालयीन आदेशात मावतो. प्रत्येक राखीव पत्ता, त्याचा मॅक क्रमांक, यंत्र आणि जबाबदार शाखा यांची नोंदवही असावी. यंत्र दुरुस्त होऊन आल्यावर मॅक क्रमांक पडताळल्याखेरीज ते जोडू नये. आणि ही वही कार्यभार हस्तांतरणाच्या यादीत असावी.

त्या कार्यालयात तिसऱ्या दिवशी खिडकी उघडली. नोंदवहीसाठी कोरी वही भांडारात होतीच. तेवढ्याअभावी लोकांचे दोन दिवस गेले होते.