रद्दीचे मोल

वाचकांच्या हातातील हा अंक उद्या रद्दीत जाणार, ही जाणीव संपादकाला रोज नम्र करीत असते. त्या रद्दीतही इंधन दडलेले आहे, हे वृत्त म्हणूनच आम्हांस सुखावणारे वाटते.

कागद म्हणजे मुख्यतः सेल्युलोज. सेल्युलेज नामक विकरे त्याचे ग्लुकोजमध्ये विघटन करतात आणि यीस्ट त्या साखरेचे इथेनॉल बनविते. १ किलो ग्लुकोजपासून तत्त्वतः सुमारे ५१० ग्रॅम. दुसऱ्या महायुद्धात पॅसिफिक बेटांवर अमेरिकी सैन्याचे सुती कापड कुजविणारी जी बुरशी शत्रू ठरली, तीच आज या विकरांची कामधेनू आहे!

अडचण आहे ती विकरांच्या किमतीची. वृत्तपत्री कागदात लिग्निन पुष्कळ. विकरे सेल्युलोजऐवजी त्यालाच चिकटून निकामी होतात. येथेच साहाय्यक द्रव्यांची महती. ट्वीन-८० सारखे साबणगुणी द्रव्य अल्प प्रमाणात मिसळले, तर ते लिग्निनवरील जागा आधीच अडविते, विकरे मोकळी राहतात आणि तेवढ्याच विकरांत अधिक साखर हाती येते. उपाय साधा, परंतु व्यवहाराचे गणित अशाच साध्या उपायांनी सुटते.

हा प्रश्न केवळ प्रयोगशाळेचा नव्हे. ऊस कमी पिकण्याच्या चिन्हांनी डिसेंबर २०२३ मध्ये केंद्राला उसाच्या रसापासूनच्या इथेनॉलवर निर्बंध घालावे लागले. पुढे ते उठले. पण ताटातले अन्न की टाकीतले इंधन, हा पेच उरलाच. पानिपत येथे २०२२ मध्ये भाताच्या पेंढ्यापासून इथेनॉल बनविणारा प्रकल्प सुरू झाला. टाकाऊ वस्तूंची हीच वाट आम्हांस अधिक न्याय्य वाटते.

मात्र विवेक सुटता कामा नये. चांगल्या रद्दीवर पहिला हक्क नव्या कागदाचा आहे. रद्दीवाल्याच्या तराजूवर अनेक चुली पेटतात. वारंवार वापरून तंतू आखूड झालेला, मळलेला, गिरण्यांनी टाकून दिलेला कागदच इथेनॉलच्या वाट्याला यावा. त्यासाठी ओला व सुका कचरा घरातच वेगळा व्हायला हवा. विज्ञान बुरशीलाही कामाला लावील. पण कचऱ्याच्या दोन टोपल्या ठेवण्याचे काम आपल्यासाठी कोणती बुरशी करणार?