सातासमुद्रापलीकडचा नैवेद्य

भाद्रपद शुद्ध चतुर्थीला गणरायापुढे एकवीस मोदकांचे ताट मांडावे, हा आपला कुलाचार आहे व त्याविषयी दुमत नाही. परंतु सांप्रत आपल्या कित्येक घरांतील लेकीसुना अमेरिकेत संसार करीत आहेत. तेथे त्याच सुमारास सफरचंदे झाडावरून उतरू लागतात, आणि मोदकांच्या जोडीला ‘अ‍ॅपल क्रिस्प’ नामक तिकडचे पक्वान्न काही घरांतून देवापुढे ठेवले जाते. इकडे सासूबाईंच्या मनात शंका येते, की परदेशी रीतीचे, भट्टीत भाजलेले हे अन्न देवाला चालते काय? माझे स्पष्ट मत असे, की चालते. मात्र काही पथ्ये पाळून.

प्रथम तो पदार्थ समजून घेऊ. सुमारे एक किलो आंबटगोड सफरचंदे सोलून त्यांच्या फोडींना लिंबाचा रस, दालचिनीची पूड व थोडी साखर लावतात. ओटचे पोहे एक वाटी, कणीक, गूळ व भरड कुटलेले अक्रोड प्रत्येकी अर्धी वाटी, हे थंड लोण्यात चोळून फोडींवर पसरतात आणि १८० अंश सेल्सिअसच्या भट्टीत पाऊण तास भाजतात. वरचा थर खमंग व कुरकुरीत होतो, खालची फळे मऊ शिजतात. यात अंडे लागत नाही.

धान्य, लोणी, गूळ आणि फळ! सत्यनारायणाच्या प्रसादाची येथे आठवण होत नाही काय? त्यातही गव्हाचे चूर्ण, तूप, दूध, साखर व केळे सव्वा मापाने सांगितले आहे. आणि गव्हाच्या अभावी तांदळाचे पीठ, साखरेऐवजी गूळ घेण्याची मुभा त्या कथेतच दिली आहे. देशकालानुरूप पर्याय ही आधुनिकांची पळवाट नसून परंपरेनेच उघडे ठेवलेले द्वार आहे.

वाल्मीकि रामायणातील अयोध्याकांडही हेच सांगते. पित्याच्या निधनाची वार्ता कळताच वनवासी श्रीरामांनी हिंगणाच्या गराचा, बोरे मिसळलेला पिंड अर्पण केला. राजान्न तेथे नव्हते. मनुष्य जे अन्न खातो तेच त्याच्या देवतांचे अन्न, हा तेथला सिद्धान्त आहे. तो प्रसंग पितृकार्याचा असला तरी सिद्धान्त देवकार्यालाही लागू पडतो.

शिवाय परदेशी म्हणावे तरी कशाला? उपवासाचा साबुदाणा ज्या कंदापासून होतो तो कंद, शेंगदाणा, बटाटा व मिरची ही सारी मूळची अमेरिका खंडातील. सिमल्याकडच्या कोटगढ येथे १९१६ साली अमेरिकन सफरचंदाची कलमे लावणारे सॅम्युअल स्टोक्स हे फिलाडेल्फियाचे. त्यांनी १९३२ साली हिंदू धर्म स्वीकारून सत्यानंद हे नाव धारण केले. त्या बागांची फळे आपण पूजेच्या तबकात निःशंकपणे ठेवतोच ना?

आता पथ्ये. पदार्थ स्नानोत्तर स्वहस्ते करावा, नैवेद्यापूर्वी चाखू नये. सामग्री बंद पाकिटातील असल्यास तीत अंडे वा प्राणिज सरस नाही ना, हे वाचून पाहावे. यात धान्य असल्याने एकादशीस तो वर्ज्य समजावा. आणि मोदकाची जागा त्याला देऊ नये. त्याने शेजारी बसावे.

माझी खरी चिंता निराळी आहे. दुकानातून आणलेला मिठाईचा पुडा देवापुढे उघडून ठेवण्याची चाल येथेही बळावत आहे, आणि तिच्याविषयी मात्र कोणाला शंका येत नाही! परदेशी वाढणाऱ्या नातवंडाने आईसोबत अक्रोड कुटले, भाजण्याचा सुगंध घरभर दरवळत असता ‘आधी बाप्पाला, मग आपल्याला’ हे ऐकले, तर नैवेद्य म्हणजे काय हे त्याला वेगळे शिकवावे लागणार नाही. म्हणून सासूबाईंनी सुनेला नकार कळवू नये. मोदकाच्या उकडीची कृती तेवढी आठवणीने कळवावी.